वेठीस कोणी कोणाला धरले?

कामगारांचा संप सुरू झाला की वृत्तपत्रांत एक मथळा हटकून येतो : ‘संपकऱ्यांनी जनतेला वेठीस धरले.’ संप एस. टी. कामगारांचा असो, परिचारिकांचा असो वा सफाई कामगारांचा. वाक्य तेच असते. हा शब्द मुळात कोणाच्या वाट्याचा होता, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

वेठ म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम. गावगाड्यात अंमलदाराने फर्मावावे आणि महाराने ओझी वाहावीत, निरोप पोचवावेत, लाकडे फोडावीत, असा रिवाज होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाबद्दलचे विधेयक मांडले, ते याच राबणुकीविरुद्ध. डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत जमीनदार वारल्यांकडून वेठ घेत. १९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांनी ती नाकारली. पुढे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने सक्तीच्या मजुरीस मनाई केली आणि १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला.

१९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवून घेणे हीसुद्धा घटनेने निषिद्ध ठरविलेली सक्तीची मजुरीच होय, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. दारिद्र्यामुळे येणारी सक्ती हीदेखील सक्तीच, हे त्यातील सूत्र. या कसोटीवर पाहता, तुटपुंज्या पगारावर कंत्राटात राबणारा सफाई कामगार हाच पुष्कळदा वेठीस धरलेला माणूस असतो. तो काम थांबवितो, तेव्हा मथळा त्यालाच वेठीस धरणारा ठरवितो!

संपाने लोकांचे हाल होतात, हे खरे आहे. बस न मिळालेला विद्यार्थी आणि उपचारावाचून परतलेला रुग्ण यांचे दुःख नाकारण्यात पुरोगामीपणा नाही. ते हाल बातमीत यावेतच. पण मागण्या किती वर्षे पडून होत्या, कोणती आश्वासने मोडली गेली आणि वाटाघाटीस कोणी नकार दिला, हेही त्याच बातमीत यावयास हवे. ‘वेठीस धरले’ एवढ्या दोन शब्दांत सारा दोष संपकऱ्यांवर टाकला जातो, आणि मालक व सरकार वाक्याबाहेर राहतात.

कार्यकर्त्यांनीही आपली पत्रके एकदा तपासावीत. ‘सरकारने जनतेला वेठीस धरले आहे’ असे त्यांतही सर्रास लिहिलेले आढळते. शब्द असा स्वस्त झाला की, उचलीच्या फेडीसाठी हंगामामागून हंगाम अडकून पडणारा वीटभट्टीवरचा मजूर किंवा ऊसतोड कामगार यांच्याविषयी बोलताना तो निष्प्रभ ठरतो. गैरसोयीला गैरसोय म्हणावे, अडवणुकीला अडवणूक म्हणावे. ‘वेठ’ हा शब्द मात्र आजही जे वेठीत आहेत, त्यांच्यासाठी राखून ठेवावा. त्यांची सुटका अद्याप व्हावयाची आहे.