पगड्या पचास, शिर मात्र एक



मृग नक्षत्र जवळ आले की आमच्या फोंडा महालातल्या कुळागरांतून कुऱ्हाडीचे घाव आणि अलीकडे यांत्रिक करवतीची घरघर ऐकू येऊ लागते. घरावर झुकलेला फणस, विजेच्या तारेला टेकू पाहणारा आंबा, वाळून कोळ झालेला माड, या साऱ्यांचा बंदोबस्त पावसाआधी करावा लागतो. हे काम करणारी माणसे थोडी उरली आहेत. जी आहेत ती कमरेला कोयता आणि डोक्याला पंचा गुंडाळून बिनधास्त वर चढतात. त्यांच्या डोक्याविषयी आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि ते बोलण्याचा अधिकार मला एका चुकीने मिळाला आहे.

२०१७ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. घरामागच्या फणसाच्या फांद्या उतरविण्यासाठी मी एका अनुभवी पाडेल्याला बोलाविले होते. आपण सुधारलेले भाटकार आहोत, अशी माझी समजूत! म्हणून बाजारातून एक पिवळे शिरस्त्राण स्वस्तात आणून मी त्याच्या हाती दिले. ते डोक्यावर ठेवून त्याने मान हलविली आणि म्हटले, “भाटकार, हे डोक्यावर राहत नाही.” त्याला हनुवटीखालचा पट्टाच नव्हता. मी म्हटले, “तरी घाल रे, नसण्यापेक्षा बरे.” माझा मान राखण्यासाठी त्याने ते घातले. दुसऱ्या बेचक्यात पोचून त्याने वर पाहिले मात्र, शिरस्त्राण निसटले आणि पाचोळ्यावर येऊन पडले. ते आणून देण्याची तसदी ना मी घेतली, ना दुसऱ्या कोणी. घटकाभराने वरची एक वाळकी फांदी त्याच्या कानाच्या वरच्या बाजूस बसली. कमरेचा दोर घट्ट होता म्हणून तो जिवानिशी वाचला. पण तीन आठवडे त्याला रुग्णालयात काढावे लागले आणि डावा कान कायमचा गेला. त्यानंतर तो झाडावर चढला नाही. खाली पडलेल्या त्या शिरस्त्राणावर मात्र साधा ओरखडाही नव्हता.

तेव्हापासून मी या विषयाची थोडी माहिती मिळविली. तीच आज आपणांपुढे ठेवतो.

डोक्याला कठीण आवरण घालून काम करण्याची रीत फार जुनी नाही. १९१९ साली सॅन फ्रान्सिस्को शहरातील बुलर्ड यांच्या कारखान्याने वाफेवर कडक केलेल्या किंतानी कापडाची कामकऱ्यांसाठीची टोपी विक्रीस काढली. पुढे १९३३ साली तेथील गोल्डन गेट पुलाचे काम सुरू झाले, तेव्हा मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी अशी टोपी प्रत्येक कामकऱ्यास सक्तीची केली. काम देणाराने आग्रह धरला की सवय लागते, हा त्यातील धडा मला महत्त्वाचा वाटतो.

आता निवडीकडे वळू. पहिला प्रश्न असा की माणूस जमिनीवर उभा राहून काम करणार, की झाडावर? दोघांचे शिरस्त्राण दिसावयास सारखे असले, तरी हनुवटीच्या पट्ट्यात मोठा भेद आहे. कारखान्यांतील शिरस्त्राणांसाठी युरोपात ईएन ३९७ नावाचे प्रमाण आहे. त्याच्या २०१२ सालच्या आवृत्तीप्रमाणे पट्ट्यावर साधारण १५ ते २५ किलो वजनाइतका ताण आला की तो सुटला पाहिजे. शिरस्त्राण कोठे अडकले, तर माणसाच्या गळ्याला फास बसू नये, हा त्यामागील हेतू. गिर्यारोहकांच्या शिरस्त्राणाचे प्रमाण ईएन १२४९२. त्यात उलट अपेक्षा आहे. ५० किलोइतका ताण आला तरी पट्ट्याने धरून राहिले पाहिजे, कारण पडणाऱ्या माणसाचे डोके खोडावर आपटते ते बहुधा पहिल्याच धक्क्यानंतर, आणि तोवर शिरस्त्राण डोक्यावर असावे लागते. म्हणून झाडावर चढणाऱ्यासाठी दुसऱ्या प्रकारचा पट्टा निवडावा. खाली दोर धरणाऱ्यास पहिला प्रकार चालतो. दोन्ही रीतींनी लावता येईल असा पट्टा असलेली शिरस्त्राणेही मिळतात. आपल्याकडे कारखानी शिरस्त्राणांसाठी आयएस २९२५ हे भारतीय मानक आहे. खरेदीच्या वेळी आतील बाजूस हे आकडे कोरलेले आहेत की नाहीत, एवढे तरी पाहावे.

दुसरा भेद माराच्या दिशेचा. कारखानी शिरस्त्राणाची कसोटी मुख्यतः माथ्यावर येणाऱ्या माराची असते. गिर्यारोहणाचे शिरस्त्राण पुढून, मागून आणि बाजूंनीही तपासलेले असते. झाडावरच्या माणसाला मार कोठूनही बसतो. माझ्या पाडेल्याला तो कानावर बसला.

पुष्कळ लोक विचारतात, “घरात मोटारसायकलचे हेल्मेट आहेच, तेच का न वापरावे?” ते रस्त्यावरच्या आपटीसाठी घडविलेले असते. त्याने कान झाकले जातात, त्यामुळे खालून मारलेली हाक ऐकू येत नाही. वर पाहू जाता त्याची मागची कड मानेला टेकते. शिवाय मे महिन्याच्या उकाड्यात ते डोक्यावर अर्धा तासही सहन होत नाही, आणि जे सहन होत नाही ते माणूस लवकरच काढून ठेवतो.

माप पाहण्याची रीत सोपी आहे. पट्टा न लावता शिरस्त्राण घालून आतील कडे डोक्याबरोबर आवळावे, मग पुढे वाकून मान हलवावी. ते डोळ्यांवर घसरले तर माप चुकले. त्यानंतर पट्टा हनुवटीखाली लावावा. काही शिरस्त्राणांत कवच आणि डोके यांच्यामध्ये पट्ट्यांची जाळी असते. त्या दोहोंमधली मोकळी जागा रिकामी दिसली, तरी मार जिरतो तो तिच्यामुळेच. तेथे पंचा, विडीचे बंडल किंवा पैशांची पुरचुंडी कोंबू नये. दुसऱ्या प्रकारात आत फेसाचे अस्तर असते. ते एकदा चेपले की पूर्ववत होत नाही. म्हणून जबर मार बसलेले शिरस्त्राण, तडा दिसो वा न दिसो, टाकून द्यावे. ऊन, पेट्रोल व रंग यांनीही कवच कुजते. ते केव्हा बनले तो महिना व साल आत उमटविलेले असते. कारखानदाराने सांगितलेली मुदत संपल्यावर ते लोभाने वापरू नये.

हवेसाठी छिद्रे असावीत काय? आपल्या उष्ण हवेत असावीत, असेच मी म्हणेन. पण छिद्रांचे शिरस्त्राण विजेपासून रक्षण करील, अशी अपेक्षा धरू नये. किंबहुना तारेजवळच्या झाडाला हात लावण्यापूर्वी वीज खात्याकडून प्रवाह बंद करवून घ्यावा. शिरस्त्राण कोणतेही असले, तरी तो नियम सुटत नाही.

यांत्रिक करवत आली की डोक्याबरोबर कान आणि डोळेही आले. या करवतीचा आवाज पुष्कळदा १०० डेसिबेलांच्या वर जातो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य यांची राष्ट्रीय संस्था सांगते की ८५ डेसिबेलांचा आवाज आठ तास चालेल, आणि पुढे दर तीन डेसिबेलांना ही मुदत निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबेल म्हणजे फक्त पंधरा मिनिटे! एवढ्या वेळात साधी एक फांदीही उतरत नाही. यास्तव शिरस्त्राणाला जोडलेली कानझापडे घ्यावीत. ती कानावर बसली की हाक ऐकू येणार नाही, म्हणून हातवाऱ्यांच्या खुणा आधीच ठरवाव्यात. तोंडापुढे तारेची जाळी असावी. आपल्या दमट हवेत काचेवर वाफ धरते, जाळीवर धरत नाही. मात्र जाळीतून बारीक भुसा आत येतो, म्हणून आत चष्माही हवा. आणि एक गोष्ट विसरू नये. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून मागे येते, आणि तिचा रोख तोंड व मान यांकडे असतो. ही जाळी भुसा अडवील, चालती साखळी अडविणार नाही. तिच्यासाठी करवतीचा साखळी-रोधक शाबूत हवा आणि धरणाऱ्याला तिचे शिक्षण हवे.

शेवटी शिरस्त्राणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ईएन ३९७ च्या त्याच आवृत्तीत पाच किलोचे वजन एक मीटरवरून कवचावर टाकतात आणि आत किती जोर पोचतो ते मोजतात. पाच एके पाच. आता दीड किलोचा सोडणासकट नारळ वीस मीटरवरून पडतो असे धरा. दीड विसा तीस. म्हणजे कसोटीतील माराच्या सहापट! हवेचा अडथळा थोडा वजा केला, तरी अंतर मोठेच राहते. पापुआ न्यू गिनीतील एका रुग्णालयाच्या चार वर्षांच्या नोंदी १९८४ साली प्रसिद्ध झाल्या. इजा होऊन दाखल झालेल्या रुग्णांपैकी अडीच टक्के लोक नारळ अंगावर पडून आलेले होते. तेव्हा शिरस्त्राण घातले म्हणून माडाखाली उभे राहण्याचा परवाना मिळाला, असे कोणी समजू नये. पाडप चालू असता माडाखालची जागा मोकळी ठेवणे, पोराबाळांना व गुरांना दूर राखणे, हेच तेथील खरे शिरस्त्राण होय. डोक्यावरचे आवरण चुकून आलेल्या काटकीसाठी, खोडावर आपटण्यासाठी आणि सुटलेल्या लहान फांदीसाठी आहे.

राहता राहिला खर्च. हे सर्व कोणी विकत घ्यावे? दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्याने घ्यावे, असे म्हणणे सोपे आहे. पण झाड आपले, घर आपले, फांदी पडली तर कौले आपली फुटणार. मग ती उतरविणाऱ्याचे डोके तेवढे त्याचे, हा हिशेब कोठला? माझ्या घरी आता दोन शिरस्त्राणे खुंटीला टांगलेली असतात, एक झाडावरच्या माणसासाठी आणि एक खाली दोर धरणाऱ्यासाठी. कामाला आलेल्या माणसाने “हे डोक्यावर राहत नाही” असे म्हटले, तर त्या दिवशी काम होत नाही. माप जुळवून घेतो, नाहीतर दुसरे आणतो. फणस एक दिवस थांबतो.

शिर सलामत तर पगड्या पचास, असे आपण विनोदाने म्हणतो. माझा तो पाडेली आजही कधी बाजारात भेटतो. मी काही बोलू लागलो की तो उजवा कान माझ्याकडे वळवतो. त्या वेळी ही म्हण मला विनोदाची वाटत नाही. येत्या पावसापूर्वी आपल्या दारी कोणी कोयता किंवा करवत घेऊन येईल, तेव्हा मजुरी ठरविण्याआधी त्याच्या डोक्याकडे एकवार पाहा, एवढीच माझी विनंती.