सागरतळाची शाळा

(किनारी भागातील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेला मुलगा भरती-ओहोटीच्या वेळा पंचांग न उघडता सांगतो, जाळ्यात आलेली मासळी नावानिशी ओळखतो. परंतु ती मासळी जेथे अंडी घालते व वाढते, तो सागरतळ त्याने बहुधा पाहिलेला नसतो. मालवणच्या पाण्यात दूरदूरचे पर्यटक बुडी मारून प्रवाळ पाहून जातात. ज्यांचा चरितार्थच त्या पाण्यावर अवलंबून आहे, त्यांच्या घरांतील कित्येक मुले मात्र काठावरच राहतात. ही विसंगती दूर करण्याचा एक मार्ग म्हणजे चौदा ते सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी स्कूबा व सागरविज्ञान यांचे एकदिवसीय शिबिर होय.

अशा शिबिरास मालवणइतके योग्य स्थळ राज्यात क्वचितच आढळेल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या सभोवती खडक आहेत व त्यांच्या आश्रयाने प्रवाळ वाढलेले आहेत. येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. जवळच तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. खाडी, खारफुटी, वाळूचा किनारा आणि खडकाळ तळ ही सर्व एका दिवसात पाहता येण्याजोग्या अंतरावर आहेत.

बुडी मारणे हे केवळ साहस नव्हे, तो पदार्थविज्ञानाचा पाठही आहे. फ्रान्समध्ये १९४३ साली कुस्तो व गान्यां यांनी श्वसनाचे जे साधन सिद्ध केले, त्यामुळे पाणबुड्याला वरून नळीने हवा पुरविण्याची गरज उरली नाही. पाठीवरील नळकांड्यात प्राणवायू भरलेला असतो, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः सामान्य बुडीसाठी त्यात साधी, दाबून भरलेली हवाच असते. पाण्याच्या पृष्ठभागावर एक वातावरण दाब असतो. समुद्रात दर दहा मीटर खोलीला तो आणखी एका वातावरणाने वाढतो. म्हणजे दहा मीटरवर हवेचे आकारमान निम्मे होते आणि वर येताना ते पुन्हा दुप्पट होते. म्हणूनच पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नये, हा पहिला नियम. वर्गात फळ्यावर शिकविलेला बॉईलचा नियम येथे विद्यार्थ्याला स्वतःच्या कानांच्या पडद्यांवर जाणवतो.

दुपारचे सत्र काठावरचे असावे. बारीक जाळीने गाळलेले समुद्राचे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की प्लवक दिसतात. बांगडा, तारली यांसारख्या मासळीचे अन्न तेच. प्रवाळ हा दगड नसून सूक्ष्म जीवांची वसाहत आहे. त्या जीवांच्या शरीरात राहणारे शैवाल त्यांना अन्न पुरविते. पाणी प्रमाणाबाहेर तापले की हे शैवाल निघून जाते व प्रवाळ पांढरे पडते. खारफुटीच्या मुळांत लहान मासळीला आसरा मिळतो. एवढे समजले की १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी कशासाठी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख करणे आवश्यक आहे. अभयारण्याला मच्छीमारांनी विरोध केला होता. आपली रोजी जाईल, ही त्यांची भीती होती आणि ती अनाठायी म्हणून झिडकारण्याजोगी नव्हती. संरक्षणाचा विचार वरून आला की तो हुकूम वाटतो. तोच घरातील मुलाच्या तोंडून आला की त्यावर चर्चा होते. म्हणून शिबिरात रापण ओढणाऱ्या वडीलधाऱ्या मच्छीमारांनाही शिक्षक म्हणून सन्मानाने बोलवावे. वारा, प्रवाह व मासळीच्या हालचाली यांविषयीचे त्यांचे ज्ञान पिढ्यांचे आहे. मासळीबाजार सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या मुलींनाही शिबिरात बरोबरीची जागा असावी.

सुरक्षिततेबाबत तडजोड होता कामा नये. पालकांची लेखी संमती आणि वैद्यकीय तपासणी हवी. दमा, अपस्मार वा कानाचा विकार असलेल्यांना पाण्यात उतरवू नये. काठावरील अभ्यासात मात्र त्यांना पूर्ण वाव द्यावा. प्रत्येक नवशिक्याबरोबर एक प्रशिक्षित पाणबुड्या असावा. पावसाळ्यात शिबिर घेऊच नये. प्रवाळाला हात लावू नये, त्यावर उभे राहू नये, होडीचा नांगर त्यावर टाकू नये. प्रवाळ तोडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही मुलांना सांगावे.

शिबिर एका दिवसाचे असले तरी काम वर्षाचे आहे. प्रत्येक शाळेने एक नोंदवही ठेवावी. पाण्याचे तापमान, किनाऱ्यावर आलेला कचरा, बाजारात आलेली मासळी व तिचा आकार यांची नोंद विद्यार्थ्यांनी दर आठवड्यास करावी आणि ती ग्रामसभेपुढे वाचली जावी. दहा वर्षांनी किनाऱ्याविषयी निर्णय घेण्याची वेळ येईल, तेव्हा पंचायतीजवळ स्वतःच्या मुलांनी लिहिलेला पुरावा असेल.