‘मोस्ट’ म्हणजे नक्की किती?



अल क्वोजच्या इंडस्ट्रियल भागात तुम्ही कधी गाडी दुरुस्तीला नेली असेल, तर एक गोष्ट नक्की पाहिली असेल. गॅरेजमध्ये एक मेकॅनिक पेशावरकडचा असतो, दुसरा केरळचा, तिसरा फिलिपिन्सचा. इंग्रजी व्याकरणाच्या नावाने सगळाच आनंद. पण ‘अलाइनमेंट’ आणि ‘बॅलन्सिंग’ या दोन शब्दांत त्यांची कधी गल्लत होत नाही. एक चाकांच्या कोनाचं काम, दुसरं चाकाच्या वजनाचं. गल्लत होते ती आपली, म्हणजे गिऱ्हाइकाची. आपलं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं असूनही.

आज मला याच प्रकारच्या इंग्रजीबद्दल बोलायचं आहे. गॅरेजच्या नाही, शाळेच्या. आपल्यातल्या कितीतरी जणी इथे शाळांत शिकवतात. काही वर्षं शिकवलं की पुढची पायरी दिसू लागते: पर्यवेक्षक, विभागप्रमुख, उपमुख्याध्यापक. त्यासाठी शैक्षणिक व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी घ्यावी असं वाटतं. प्रवेश मिळतो, फी भरली जाते, आणि पहिल्याच लेखी कामाला अडखळायला होतं. मग घरी एकच वाक्य ऐकू येतं, “माझं इंग्रजीच कच्चं आहे.”

अशाच एका वहिनींची गोष्ट सांगतो. माझ्या मित्राची बायको. सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आठ वर्षं शिकवलेलं, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका मिळवलेली. इथे आल्यावर अल क्वोजमधल्या एका शाळेत गणित शिकवू लागल्या आणि पुढे पदव्युत्तर अभ्यासक्रमाला बसल्या. पहिल्या सत्रात एका शाळेचं स्वयंमूल्यमापन लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं, गणितात ‘मोस्ट’ विद्यार्थी अपेक्षित पातळीच्या वर आहेत. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. प्राध्यापकांनी ‘मोस्ट’खाली लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, “किती? पुरावा?”

वहिनींनी ते इंग्रजीवरचं शेरेबाजी समजून घेतलं. दोन दिवसांनी मित्राचा फोन आला, “अरे, ती अभ्यासक्रम सोडायचं म्हणतेय. दुसऱ्या सत्राचा हप्ता भरू की नको?”

मी शिक्षक नाही, कॉम्प्युटरवाला माणूस. आकडे मागायची सवय. मी विचारलं, “वहिनी, मुलं किती? वर किती?” त्या म्हणाल्या, “शंभरात बासष्ट. म्हणजे निम्म्याहून जास्तच की. मग मोस्ट नाही का?”

मराठी मनाला हे अगदी बरोबर वाटतं. निम्म्याहून जास्त म्हणजे बहुतेक. पण शाळा तपासणीच्या इंग्रजीत नाही. दुबईत खासगी शाळांची गुणवत्ता नॉलेज अँड ह्युमन डेव्हलपमेंट अथॉरिटी पाहते, जिला आपण सगळे केएचडीए म्हणतो. शाळांची श्रेणीवार तपासणी 2008-09 पासून सुरू झाली. तेव्हा श्रेणी चारच होत्या. 2015-16 मध्ये सगळ्या अमिरातींसाठी एकच आराखडा आला आणि श्रेणी सहा झाल्या: आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, अॅक्सेप्टेबल, वीक, व्हेरी वीक. त्या आराखड्यात विद्यार्थ्यांच्या संपादणुकीसाठी शब्द मोजून वापरले आहेत. ‘मेजॉरिटी’ म्हणजे किमान 50 टक्के. ‘लार्ज मेजॉरिटी’ म्हणजे किमान 61 टक्के. ‘मोस्ट’ म्हणजे किमान 75 टक्के. अपेक्षित पातळीच्या वर मेजॉरिटी असेल तर ‘गुड’, लार्ज मेजॉरिटी असेल तर ‘व्हेरी गुड’, मोस्ट असतील तर ‘आउटस्टँडिंग’.

आता बघा काय झालं. बासष्ट टक्के म्हणजे लार्ज मेजॉरिटी, म्हणजे व्हेरी गुड. वहिनींनी ‘मोस्ट’ लिहून शाळेला एका शब्दात एक श्रेणी वर चढवलं होतं. प्राध्यापकांनी इंग्रजीची चूक काढली नव्हती, हिशेबाची काढली होती. आणि ‘मोस्ट’ हा शब्द तर आपली मुलं केजीत शिकतात!

मंडळी, मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. विषयाचं इंग्रजी म्हणजे अवघड इंग्रजी नव्हे. ते साधेच शब्द असतात, फक्त त्या धंद्याने त्यांचा अर्थ ठरवून, मोजून बांधलेला असतो. अवघड शब्द दिसला की आपण शब्दकोश उघडतो. साधा शब्द दिसला की आपल्याला वाटतं, हा तर येतोच. आणि फसतो तिथेच.

एमबीए करताना मीही असाच फसलो होतो. शंभराची वस्तू सव्वाशेला विकली तर ‘मार्कअप’ 25 टक्के, पण ‘मार्जिन’ 20 टक्के, कारण मार्जिन विक्रीच्या किमतीवर मोजतात. मी दोन्ही म्हणजे नफाच समजत होतो. माझं इंग्रजी कच्चं नव्हतं, धंद्याची मोजपट्टी माहीत नव्हती.

शाळेच्या व्यवस्थापनातले असे आणखी काही शब्द पाहू.

पहिली जोडी ‘अटेनमेंट’ आणि ‘प्रोग्रेस’. अटेनमेंट म्हणजे अभ्यासक्रमाच्या अपेक्षेशी ताडून पाहिलं तर मूल आज कुठे उभं आहे. प्रोग्रेस म्हणजे ते जिथून निघालं तिथून किती पुढे आलं. दुसऱ्या देशातून, दुसऱ्या अभ्यासक्रमातून आलेलं मूल वर्षभरात खूप पुढे सरकतं, तरी अपेक्षित पातळीच्या खालीच असू शकतं. त्याचं अटेनमेंट कमी, प्रोग्रेस उत्तम. आपली गंमत अशी की महाराष्ट्रात ज्याला आपण प्रगतीपुस्तक म्हणत आलो, त्यात बहुतेक वेळा असायचे फक्त गुण, म्हणजे अटेनमेंट. त्यामुळे ‘प्रोग्रेस’ म्हटलं की आपल्या हातून गुणच लिहिले जातात.

दुसरा शब्द ‘मॅनेजमेंट’. हा तर विषयाच्या नावातच आहे. आपल्याकडच्या शिक्षकखोलीत “मॅनेजमेंटने सांगितलंय” म्हटलं की डोळ्यांसमोर संस्थाचालक येतात. शिवाय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातली शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिथे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. इथल्या आराखड्यात मात्र तीन वेगळे शब्द आहेत. संस्थाचालकांचं मंडळ, जे मुख्याध्यापकांना जाब विचारतं, ते ‘गव्हर्नन्स’. शाळा कुठे न्यायची हे ठरवून माणसांना बरोबर घेणं ही ‘लीडरशिप’. वेळापत्रक, नेमणुका, खोल्या, साहित्य, रोजचा कारभार म्हणजे ‘मॅनेजमेंट’. संस्थाचालकांबद्दलचं मत तुम्ही मॅनेजमेंटच्या मथळ्याखाली लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही वेळापत्रकाची तक्रार करताय.

तिसरा शब्द ‘अॅक्सेप्टेबल’. आपल्या कानाला तो ‘चालेल, ठीक आहे’ असा ऐकू येतो. आराखड्यात त्याचा अर्थ आहे: देशाने ठरवलेली किमान पातळी गाठली. ‘गुड’ म्हणजे अपेक्षित पातळी गाठली. म्हणजे अपेक्षा ‘गुड’ची आहे, अॅक्सेप्टेबल हा उंबरठा आहे. आई-बाप म्हणून मुलाची शाळा निवडतानाही हे लक्षात ठेवा.

आता जमेची बाजू. यातलं बरंच वहिनींना आधीपासून येत होतं, फक्त मराठीत. ‘फॉर्मेटिव्ह’ आणि ‘समेटिव्ह’ हे शब्द वाचून त्या गोंधळल्या होत्या. मी शोधून सांगायच्या आत त्यांनाच उमगलं, “अहो भाऊजी, हे तर आपलं आकारिक आणि संकलित!” महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शिक्षकाने आकारिक आणि संकलित नोंदींची पानंच्या पानं भरली. ज्या बाईंनी ते काम वर्षानुवर्षं केलं, त्यांना फॉर्मेटिव्ह असेसमेंट शिकवायची गरज नाही. त्या कामाचं इथलं नाव सांगायची गरज आहे.

म्हणून आपल्या मराठी पदव्या आणि पदविका ट्रंकेत ठेवून देऊ नका. जुन्या वह्या काढा. काम तेच आहे, पाटी बदलली आहे.

मग शिकायचं कसं? वहिनींबरोबर बसून आम्ही जे केलं ते सांगतो.

एक. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला नाही. त्या क्लासात बाजारहाट आणि फोनवरचं बोलणं शिकवतात, ते त्यांना येत होतं. आयईएलटीएसची तयारी मात्र वाया गेली नव्हती. अॅकॅडमिक परीक्षेच्या लेखनातला पहिला प्रश्न बहुधा आलेख किंवा तक्ता देतो आणि किमान 150 शब्दांत वर्णन मागतो. आकडे शब्दांत मांडायचा तो सराव इथे उपयोगी पडला. पण ती परीक्षा फाटक उघडते. आतलं घर आपल्यालाच लावावं लागतं.

दोन. पाठ्यपुस्तकाच्या आधी शाळा तपासणीचे अहवाल वाचले. दुबईतल्या शाळांचे अहवाल केएचडीएच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. एक आपल्या ओळखीच्या शाळेचा घ्यायचा, एक वेगळ्या श्रेणीच्या शाळेचा. दोन्ही शेजारी ठेवले की दिसतं, एकच गोष्ट सांगताना शब्द कुठे बदलतो.

तीन. वहीत तीन रकाने. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात तो कशाने मोजतात, तिसऱ्यात आपल्या शाळेतलं उदाहरण, तेही मराठीत. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो शब्द आपल्याला आलेला नाही, कितीही सोपा वाटला तरी.

चार. वाक्य लिहिताना आधी आकडा, मग शब्द. शंभरात बासष्ट, म्हणून लार्ज मेजॉरिटी. आणि प्रत्येक विधानाला तीन पाय: काय म्हणायचंय, पुरावा काय, मुलांवर परिणाम काय. शाळेने नवी वाचनपेटी घेतली, एवढं पुरत नाही. ती घेतल्यावर कोणाचं वाचन किती सुधारलं, तेही लिहायचं.

शब्दसंख्येची भीती वाटणाऱ्यांसाठी एक आकडा. न्यूझीलंडमध्ये अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्यापीठातल्या लिखाणात पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्यात फक्त 570 शब्दकुळं आहेत आणि अभ्यासाच्या लिखाणातले साधारण दहा टक्के शब्द तेवढ्यात येतात. रोज पाच घेतलीत तर चार महिन्यांच्या आत यादी संपते. त्यावर तुमच्या विषयाचे शंभर-दोनशे मोजलेले शब्द. डोंगर नाही, टेकडी आहे.

आता घरच्यांसाठी दोन शब्द, विशेषतः नवरेमंडळींसाठी. मी मित्राला विचारलं, “वहिनी अभ्यासाला कधी बसतात?” तो म्हणाला, “सगळं आवरल्यावर, अकराला.” दिवसभर शाळा, मग डबे, मुलांचा गृहपाठ, आणि रात्री अकराला ‘मोस्ट’ आणि ‘लार्ज मेजॉरिटी’तला फरक. अशा वेळी कोणालाही वाटेल आपलं डोकंच चालत नाही. आता इथे शुक्रवारी अर्धा दिवस असतो. मित्राने शुक्रवारची दुपार मुलांना बाहेर न्यायला राखून ठेवली. जेवणाचं टेबल तीन तास वहिनींचं. मला विचाराल तर माझ्या तीन रकान्यांपेक्षा त्या तीन तासांचा उपयोग जास्त झाला.

आणि घरात कोणी “तुझं इंग्रजी कच्चं आहे” म्हणत असेल, गमतीने का होईना, तर ते थांबवा. मुलंही आईच्या उच्चारांना हसतात. त्यांना एकदा विचारा, “बाळा, मोस्ट म्हणजे किती टक्के?”

वहिनींनी हप्ता भरला. ते वाक्य असं सुधारलं: शंभरपैकी बासष्ट विद्यार्थी, म्हणजे लार्ज मेजॉरिटी, अपेक्षित पातळीच्या वर आहेत, पुरावा अमुक चाचणीचा. परीक्षेत फार मोठे गुण मिळाले असं नाही, पण पास झाल्या आणि पुढच्या सत्रात बसल्या. आता त्यांच्या शाळेतल्या दोन मराठी शिक्षिका शुक्रवारी दुपारी त्याच टेबलाशी येतात. चहा मित्र करतो.

तुमच्या घरी कोणी हा विषय शिकत असेल, किंवा शिकायचं मनात असेल, तर या आठवड्यात एकच करा. मुलाच्या शाळेचा एक अहवाल उघडा आणि त्यातले दहा साधे शब्द वहीत उतरवा. अवघड नकोत, साधेच. आणि प्रत्येकापुढे विचारा, हा मोजतात कशाने?

पुढच्या वेळी भेटूच. तोपर्यंत नमस्कार.