पट्टा आरा घेताना

भंडारा जिल्ह्यात सागवान चिरणाऱ्याने नवा आरा घेताना आधी मोटरचे हॉर्सपॉवर विचारू नये, भुसा बघावा. गोल आऱ्याची चीर साधारण ५ मिलिमीटर लाकूड भुशात घालवते, पट्टा आऱ्याची २. एका ओंडक्याला १० चिरा दिल्या तर ३० मिलिमीटर लाकूड वाचतं, म्हणजे एक इंची फळीच. सागाच्या भावात ही फळी थोडीथोडकी नव्हे.

कुणी म्हणेल, पट्ट्याला धार लावण्याची कटकट फार. खरं आहे, सागात वाळूसारखी सिलिका असते, दाते लवकर बोथट होतात. पण पट्टा तुटतो तो नुसत्या धारेपायी नव्हे, ज्यावर तो फिरतो त्या चाकापायीही. चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा पट्टा जाड नसावा, हा जुना हिशेब. ९०० मिलिमीटरच्या चाकावर जेमतेम ०.९ चा पट्टा. त्याहून जाड चढवला, की प्रत्येक फेऱ्यात वाकताना त्याच्यावर जास्त ताण येतो नि तो दात्यांच्या बुडाशी तडकतो. म्हणून पैसा मोठ्या चाकात घालावा. अर्थात ओंडके चिरायचे तर वनखात्याचा परवाना आधी, मशीन नंतर.