पेटीबंद माल आणि पाठीवरचा नंबर



1964 साली नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा, कारखाना आला आणि ओझर विमानांचं गाव झालं. मिग लढाऊ विमानाची जोडणी ओझरला, इंजिनं ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी तेव्हाची वाटणी. आज मात्र मी मिगपेक्षा पुष्कळ लहान विमानाबद्दल बोलणार आहे. ते म्हणजे पुष्पक.

शेजारी शेजारी दोन आसनं, कापड मढवलेले पंख आणि 90 अश्वशक्तीचं काँटिनेंटल सी-90 इंजिन. 1958 साली ते पहिल्यांदा उडालं. त्यामागे कोल्हापूर जिल्ह्यातले, जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे होते. त्याआधी 1951 मध्ये उडालेलं एचटी-2 हे प्रशिक्षण विमानही त्यांचंच. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी वैमानिकांचा हात पुष्पकवर बसला. असं विमान आज कुणी पुन्हा उडवायचं ठरवलं, तर सगळ्यात जास्त वेळ जातो तो इंजिनाचे भाग मिळवण्यात.

एचटी-2 मधल्या सिरस मेजर इंजिनाचं उत्पादन कधीच थांबलंय. त्याला भाग हवा असेल तर बहुतेकदा दुसरं बंद पडलेलं इंजिनच शोधावं लागतं. पुष्पकचं नशीब बरं. सी-90 चा धाकटा भाऊ ओ-200 सेसना 150 मधून जगभर पसरला. दोघांच्या सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक एकच, ओव्हरहॉलचं पुस्तकही एकच. त्यामुळे सिलिंडर, पिस्टन मिळतात. पण कॅमशाफ्ट वेगळा आहे. सी-90 आपली पूर्ण ताकद मिनिटाला 2475 फेऱ्यांवर देतं, ओ-200 ला आपल्या पूर्ण ताकदीसाठी 2750 लागतात. म्हणून मागणी नोंदवताना पार्ट नंबर बघायचा. तोही मधल्या काळात कंपनीने बदललेला असतो. जुन्या नंबरावरून नव्यावर यायला यादी पुन्हा पुन्हा चाळावी लागते.

मला नेहमी विचारतात, ‘नाशकात सातपूर-अंबडला इतके टर्नर आहेत, करून घ्या की!’ आपल्या टर्नरच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे. माप तो हजारांशात आणून देईल. पण पोलाद कुठलं, त्याला पाणी कसं दिलं, तपासलं कुणी, हे मंजूर कागदावर नसेल तर तो भाग विमानाला चालत नाही. अमेरिकेतून येताना 8130-3 हा मंजुरीचा फॉर्म आणि आपल्याकडे सीए फॉर्म 1; या कागदाशिवाय चकचकीत सिलिंडरही माझ्या लेखी भंगारच.

क्रँकशाफ्टचं बघा. जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, झिजला तर दहा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासायला परवानगी आहे. पण घासताना वरची नायट्रायडिंगची कठीण कातडी जाते, ती पुन्हा चढवावीच लागते. त्याआधी शाफ्टला चुंबकत्व देऊन त्यावर चमकणाऱ्या लोहकणांचं तेल सोडतात. खोलीत अंधार करून काळा दिवा लावला की नुसत्या डोळ्यांना न दिसणारी भेग हिरवट धाग्यासारखी उजळते. तो धागा दिसला की शाफ्ट बाद. मग तो कितीही दुर्मिळ असो.

पेटीबंद जुना मालही मिळतो. मेणकागद उलगडला की तेलाचा वास येतो, मन हरखून जातं. तरी बेअरिंगवर गंजाचे टोचे शोधायचे आणि रबराचे सगळे सील फेकून द्यायचे. पेटीत पडून राहिलेलं रबर कडक होतंच.

एकदा एका विक्रेत्याने आम्हाला सिलिंडर पाठवला. कागद व्यवस्थित, शिक्का व्यवस्थित. मी भिंग घेऊन कोरलेला क्रमांक वाचला, तर शेवटचा आकडा वेगळा. शेजारच्या फिटरने पुन्हा वाचला, मग तिसऱ्याने. आम्ही तो परत पाठवला. नवा यायला सात महिने लागले. तेवढा काळ इंजिन स्टँडवर होतं, उघड्या तोंडाला ताडपत्री बांधलेली. रोज सकाळी आल्यावर आमच्यापैकी कुणीतरी ती गाठ पक्की आहे ना, ते पाहून जायचा.