कापसाच्या गाठीवरच्या चाळी



मुंबईच्या बी. डी. डी. चाळींवर बोलावयास वर्ध्याचा युनियनवाला कशाला, असे कोणाला वाटेल. त्याचे कारण कापूस. १९२० च्या सुमारास मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसला आणि त्या उत्पन्नाच्या आधारे सरकारने कामगारांची घरे बांधावयास काढली. हिंगणघाट-पुलगावच्या बाजारांतून मुंबईस गेलेल्या गाठींनीही तो भरलाच असणार. तेव्हा त्या भिंतींत आपल्या शेतकऱ्याचाही वाटा आहे, असे आम्ही समजतो.

गव्हर्नर लॉइडच्या कारकिर्दीत १९२० मध्ये हे विकास खाते निघाले. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. प्रत्यक्षात उठल्या २०७ चाळी : वरळीस १२१, नायगावास ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीस १२.

बांधणी पाहा. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्याच्या मधोमध लांब बोळ, दोहो बाजूंस दहा-दहा खोल्या. म्हणजे चाळीस ८० बिऱ्हाडे. खोली सुमारे १६० चौरस फूट. संडास मजल्याच्या सामाईकीत. काम सळईच्या काँक्रीटचे, त्या काळी नवलाचे. पण खिडकीच्या जागी काँक्रीटच्याच न हलणाऱ्या झडपा बसविल्या होत्या. ना उजेड, ना वारा! काटकसर करावयाची ती नेमकी उजेडात, ही सरकारी अक्कल आमच्या ओळखीची आहे. भाडेही न परवडणारे. गिरणगावात माणसे दाटीवाटीने राहात होती, तरी या खोल्या आरंभी बऱ्याच रिकाम्या पडल्या. १९३० च्या सत्याग्रहात तर वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. कामगाराचे घर आणि कैद्याची कोठडी यांत किती अंतर ठेवले होते, हे त्यावरून कळते.

मग माणसांनी त्या तुरुंगाचे घर केले. कोकणातून, घाटावरून आलेले गावबंधू एका खोलीत पाळीपाळीने निजू लागले. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी उलगडे. कामाच्या निमित्ताने आम्ही तिथे जात असू. तो मधला बोळ अंधाराच खरा, पण त्याच्यासारखे सभागृह आम्हाला दुसरे मिळाले नाही. एक हाक मारली की वीस दारे उघडत. बायका दारातूनच प्रश्न विचारीत, आणि ते पुरुषांच्या प्रश्नांहून अवघड असत. १९८२ च्या १८ जानेवारीस गिरण्यांचा संप सुरू झाला, तो पुढे वर्षभराहून अधिक रेंगाळला. तेवढा काळ कोणाची चूल पेटली नाही हे कळावयास अशा बोळांना पत्रकाची गरज नव्हती.

आता खारी हवा सळईपर्यंत पोचली आहे. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. वरून गिलावा फासून ते थांबत नाही. म्हणून चाळी पाडून नवे बांधणे योग्यच, जुन्या दगडमातीचे प्रेम आम्हाला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या १२ चाळी मात्र पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर, म्हणून या योजनेबाहेर राहिल्या.

नव्या इमारतीत उद्वाहन आहे, ते विजेवर चालते, आणि गिरणीचा पगार तर केव्हाच बंद झाला. त्या विजेचे बिल दर महिन्यास कोण भरणार, हा प्रश्न तिथल्या बायका आताच विचारीत आहेत.