स्मृतिउद्यानातील पहिले रोप
(अलिबाग येथे शालेय स्मृतिउद्यानाच्या प्रसंगी केलेले भाषण)



१७२९ साली देह ठेवलेल्या सरखेल कान्होजी आंग्रे यांची समाधी आपल्या अलिबागेत आहे. परंतु याच रायगड जिल्ह्यातील, माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

१० जुलै १९४४. इटलीतील टायबर नदीचे खोरे. ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या नायकाची सारी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात ठार वा जखमी झाली. यशवंतराव एकटे धावले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन निकामी केली. काडतुसे बदलण्यास उसंत नव्हती, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले आणि मग ते धारातीर्थी पडले. वय अवघे २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर मात्र नाही, कॅसिनोच्या स्मारकावर केवळ नाव आहे.

कोणी म्हणेल, ते इंग्रजांच्या सैन्यात होते. खरे आहे. परंतु ध्वज परक्यांचा असला, तरी शौर्य या मातीचे होते. तीच मराठा पलटण पुढे स्वतंत्र भारताच्या सीमांवर उभी राहिली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनीही त्या काळी हिंदू तरुणांना सैन्यात जाण्याचे आवाहन केले, ते शस्त्रविद्या हाती यावी म्हणूनच.

इटलीतील मोंतोने येथे २०२३ साली यशवंतरावांच्या नावे सूर्यघड्याळ उभारले गेले. परक्यांनी स्मरावे आणि आपण विसरावे काय?

म्हणून प्रत्येक वर्गाने येथील एक झाड सांभाळावे, एका सैनिकाचे चरित्र वाचावे, गावातील माजी सैनिकांना बोलावून त्यांचे अनुभव ऐकावेत. पुष्पचक्र दुसऱ्या दिवशी सुकते. रोज पाणी घातलेले रोप पुढच्या पिढीला सावली देते.

भारत माता की जय!